‘येते’ म्हणून निघाले

स्टेट कॉलेजला परतून आठ दिवस झाले असतील नसतील, तोच शिरीषकाकांकडे पॉटलक निघालं. अमेरिकेतल्या आमच्या या विद्यापीठाच्या गावात मराठी माणसं मोजकी. त्यामुळे कोणी कुठून परत आलं की प्रश्नांची सरबत्ती ठरलेली. त्यातून मी आले होते घाना आणि टोगोहून. शिकागोहून आलेल्याला ‘ट्रॅफिक कसं होतं’ एवढं विचारून सोडतात, मला कोण सोडतंय!

“मग? दोघांत बरा देश कुठला?” पुलावाचा डाव हातात धरून काकांनी विचारलं.

“काका, असं एका वाक्यात नाही सांगता येणार.”

“पीएचडी करतेस ना? मग एक्झिक्युटिव्ह समरी दे की!”

माझी रूममेट केतकी पापड मोडत म्हणाली, “तिला काही विचारू नका यार. ती आल्यापासून विचित्रच वागतेय. घरातून बाहेर पडताना ‘येते’ म्हणत नाही. ‘जाते’ म्हणते!”

काकूंच्या हातातली वाटी तिथेच थांबली. “अगं, ‘जाते’ काय? असं म्हणू नये बाई.”

मी खीर छान झालीय वगैरे बोलून विषय बदलला. पण घरी आल्यावर वाटलं, काकांना नाही तरी कोणाला तरी हे नीट सांगायला हवं. समरी मला कधीच जमली नाही, म्हणून हे सविस्तर.

आधी मी तिकडे कशाला गेले ते सांगते. माझा विषय ग्रामीण समाजशास्त्र. घाना आणि टोगो हे पश्चिम आफ्रिकेतले शेजारी देश. त्यांच्या मधल्या डोंगरांत एवे लोक राहतात, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना. भाषा तीच, नावं तीच, मक्याचा उंडा तोच. बाहेरच्यांनी कधीतरी नकाशावर रेघ ओढली आणि अलीकडची मुलं इंग्रजी शिकली, पलीकडची फ्रेंच. त्याच माणसांवर दोन सरकारं इतकी वर्षं राज्य करत असतील, तर त्यांच्या घरांत, पाण्यात, दवाखान्यात, ताटात काय फरक पडतो, हे आमच्या गाइडना बघायचं होतं. त्यांनी मला आणि काइल नावाच्या माझ्या अमेरिकन सहकाऱ्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिन्यांसाठी पाठवलं. बरोबर टॅबलेटवर भरायची लांबलचक प्रश्नावली होती. छप्पर पत्र्याचं की गवताचं, जमीन सिमेंटची की मातीची, पाणी आणायला किती वेळ लागतो, काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं.

हो

घानातल्या आमच्या मुक्कामाच्या शहराचं नाव ‘हो’. खरंच. कराडहून आईचा पहिला फोन आला तो असा:

“पोचलीस का? कुठे आहेस?”

“हो.”

“अगं हो काय? कुठे आहेस विचारतेय.”

“होच. हो मध्ये आहे.”

“नेटवर्क नसेल तर नंतर बोल,” म्हणून तिनं फोन ठेवला.

हो शहर नीटनेटकं आहे. हिरव्या टेकड्यांच्या कुशीत, लाल मातीचं. दुकानांच्या पाट्यांवर देवाचं नाव आधी आणि धंदा नंतर: ‘देव समर्थ आहे टायर दुरुस्ती’, ‘त्याच्या कृपेने केशकर्तनालय’. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे ट्रकच्या मागे लिहितात, इथे दुकानाच्या पुढे. आणि तिथूनच माझी एक सवय सुरू झाली. जे दिसेल त्याला ‘आपल्यासारखंच’ म्हणायची. उजव्या हातानंच द्यायचं-घ्यायचं? आपल्यासारखंच. मोठ्यांना आधी नमस्कार, मग काम? आपल्यासारखंच. जेवणाऱ्याच्या समोरून गेलं की तो ‘या जेवायला’ म्हणणारच? काय सांगू, अगदी आपल्यासारखंच. काइल बिचारा हे सगळं वहीत टिपून घ्यायचा. मी त्याच्याकडे, पुस्तक न वाचता पेपर सोडवणाऱ्या मुलीच्या तोऱ्यात बघायची.

पहिल्याच दिवशी आमच्या गाडीचा ड्रायव्हर कोफी पेट्रोलपंपावर खाली उतरला, इंग्रजीत म्हणाला, “आय ॲम कमिंग,” आणि चालू लागला. उलट दिशेला.

काइल खिडकीतून बघतच राहिला. “येतोय म्हणाला आणि हा तर जातोय!”

मी पोट धरून हसले. त्याला समजावलं, “अरे, आमच्याकडेही निघताना ‘येतो’च म्हणतात. ‘जातो’ म्हणणं बरं दिसत नाही.” कोफी पाच मिनिटांत पाण्याच्या पिशव्या घेऊन परत आला. तो परत आला या गोष्टीकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. मला एवढंच कळलं होतं की या लोकांचं आणि माझं जमणार.

आमची दुभाषी होती सेना. चाळिशीची शाळामास्तरीण, आवाज खणखणीत. तिच्या नावाचा मराठीत अर्थ काय हे सांगितल्यावर ती गावोगाव स्वतःची ओळख ‘मी एकटीच फौज’ अशी करून द्यायला लागली. तिनं मला एवेमधले चार शब्द शिकवले. ‘वोएझो’ म्हणजे या, स्वागत. ‘योऽऽ’ म्हणजे बरं. ‘मेडे कुकू’ म्हणजे विनंती करते, माफी मागते, शब्दशः ‘मी टोपी काढते’. आणि ‘मेग्बोना’, म्हणजे मी येते.

“हे निघताना म्हणतात ना?” मी विचारलं.

“हो, निघताना,” सेना म्हणाली. मी पुढचं काही विचारलं नाही. विचारायचं काय, आपल्यासारखंच.

दोरीच्या पलीकडे

घानाच्या बाजूच्या गावांत दहा-बारा दिवस काम केलं. तिथे विजेचे खांब घराघरापर्यंत पोचलेले. वीज जाते-येते, पण फ्रिज आहेत, आणि फ्रिज असलेली बाई गावाला थंड पाणी विकते. शाळेची इमारत पक्की. हातपंपावर पिवळ्या कॅनची रांग, आणि रांगेतली भांडणं. दवाखान्याचं कार्ड बऱ्याच जणींच्या पेटीत जपून ठेवलेलं. भात, वाल, तळलेली पिकली केळी. मी मजेत होते.

मग टोगो. सरहद्द म्हणजे रस्त्यावर आडवी बांधलेली एक दोरी. गावातल्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन दोरीच्या बाजूनं चालत जातात. आमच्यासाठी मात्र दोरी खाली यायला अर्धा तास लागला, कारण माझ्या भारतीय पासपोर्टवरचा व्हिसा अधिकाऱ्यांनी उलटा, सुलटा आणि उजेडासमोर धरून बघितला.

पलीकडे गेल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास, भाजलेल्या कॉफीचा आणि ताज्या ब्रेडचा. लांबट, कडक कवचाचा फ्रेंच ब्रेड. त्यात ॲव्होकाडो दाबून घालतात, बरोबर घट्ट दुधाची कॉफी. घानातला ब्रेड गोड आणि मऊ, आपल्या बनपावासारखा. त्याला मी तिथेच रामराम ठोकला. इथे मोटारसायकली जास्त, मोटारी कमी. विजेचे खांब मोठ्या रस्त्यानं जायचे आणि गावाला वळसा घालायचे. संध्याकाळी कंदील नाहीतर सौर दिवा. पाणी विहिरीचं. पण अंगणं अशी लख्ख झाडलेली की चप्पल घालून जायला संकोच व्हावा. लोकांच्या खिशात दोन सिमकार्डं, कारण टेकडीवर घानाचा टॉवर पकडतो.

आमच्या तक्त्यात हे सगळं सोपं दिसत होतं. वीज: घानात जास्त. पंखा, फ्रिज: घानात जास्त. टोगो मागे, घाना पुढे. एवढंच लिहायचं तर मला पाठवायची गरज नव्हती, असं मी काइलला म्हणालेही.

मग एका सोमवारी आम्ही आद्जोबाईंच्या घरी गेलो.

आद्जो म्हणजे सोमवारी जन्मलेली. मुलीचं नाव आफी, ती शुक्रवारची. घानात हे ‘आद्जो’ एका स्पेलिंगनं लिहितात, टोगोत दुसऱ्या. आपण देवनागरीत एकदाच लिहून मोकळे. बाई सत्तरीच्या पुढच्या. ॲव्होकाडोच्या झाडाखाली ठेंगण्या स्टुलावर बसलेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू इतका पिकलेला की बुबुळं राखाडी दिसत होती. उजेड आणि सावली, एवढंच कळायचं. तरी चूल स्वतः पेटवायच्या, अंगण स्वतः झाडायच्या.

“काल रात्री या घरात कोण कोण झोपलं?” प्रश्नावलीतला पहिला प्रश्न.

“मी.”

“परवा?”

“परवा आफीकडे होते. पलीकडे.”

आफीचं सासर दोरीपलीकडे घानात, पायी तासाभराच्या अंतरावर. ती रोज टोगोचा ब्रेड टोपलीत घालून घानात विकायला नेते. पलीकडच्या बाजाराच्या दिवशी आद्जोबाई तिच्याबरोबर जातात, दोन रात्री राहतात, परत येतात. म्हणजे आमच्याकडे आधीच आलेल्या घरांच्या यादीत त्या घानातही राहत होत्या आणि टोगोतही. दोन स्पेलिंगं असल्यामुळे संगणकानं त्यांना दोन बायका मानलं आणि कुरकुर केली नाही.

शेवटचा प्रश्न होता: पलीकडच्या मानानं तुमचं राहणं कसं आहे? बरं, तसंच, की वाईट?

त्या बराच वेळ बोलल्या. सेनानं सांगितलं, “म्हणतात, आफीकडे थंड पाणी आहे, पंखा आहे, दवाखाना जवळ आहे. इथे ब्रेड आहे, माझी विहीर आहे, या अंगणात माझ्या नवऱ्याला पुरलंय. तिकडे गेले की मी कोणाची तरी म्हातारी आई. इथे मी घरधनीण. तू शिकलेली आहेस, तू बेरीज कर.”

माझ्या टॅबलेटवर तीन चौकोन होते. मी बराच वेळ बोट वर धरून बसले आणि मग ‘तसंच’वर टेकवलं.

त्यांनी जेवायला बसवलं. मक्याच्या पिठाचा उंडा, आपल्या उकडीहून घट्ट, आणि वर पालेभाजीचं कालवण, त्यात सुका मासा. सेना आणि काइल बाहेर गाडीपाशी कोफीबरोबर पुढच्या गावचा रस्ता ठरवत होते. मी एकटीच हातानं जेवत होते. आद्जोबाई कान देऊन ऐकत होत्या. मग खूश होऊन काहीतरी म्हणाल्या. सेना नेमकी दारात आली होती, तिनं सांगितलं, “चमच्याचा आवाज येत नाही म्हणतायत. परदेशातून आलेली पोर हातानं जेवते!”

आणखीही एक गोष्ट त्यांनी सांगितली. गुरुवारी पलीकडच्या गावात मोतीबिंदूचं शिबिर होतं. डॉक्टर येणार, फुकट ऑपरेशन करणार. आफी पहाटे भाड्याची मोटारसायकल घेऊन न्यायला येणार होती. असं शिबिर या भागात कितीतरी काळानं लागत होतं. मी ‘शेरा’ या रकान्यात ते लिहूनही घेतलं.

निघताना सेना पुढे गेली होती. मी आद्जोबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि माझा शब्द वापरायची संधी साधली.

“मेग्बोना,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. “एत्सो?” त्यांनी विचारलं.

‘एत्सो’ मला येत नव्हता. ‘सुखरूप जा’ असंच काहीतरी असणार, असं मी धरून चालले. आपल्याकडे नाही का, येते म्हटलं की ‘ये हं’ म्हणतात. मी मान डोलावली आणि तोंडभर म्हटलं, “योऽऽ.”

आफी

मंगळवार, बुधवार, गुरुवार आम्ही टोगोतल्याच लांबच्या गावांत होतो. एकदा गाडी चिखलात रुतली, एकदा काइलला एका बकरीनं पिटाळलं. मजेत गेले दिवस. शुक्रवारी सकाळी दोरी ओलांडून घानात परतलो आणि आफीच्या घरी गेलो. तिचं घरही आमच्या यादीत होतं.

आफी पन्नाशीची, उंच, डोक्याला फडकं घट्ट बांधलेली. टोपलीतले ब्रेड मांडत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तिला इंग्रजी चांगलं येत होतं.

“इंडियातून आलेली, हातानं जेवणारी, ती तूच का?”

“हो, मीच!” मी कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाले.

“तू माझ्या आईला ‘उद्या येते’ म्हणालीस?”

सेनानं माझ्याकडे बघितलं. “तू काय म्हणालीस नेमकं?”

मी सांगितलं. मेग्बोना, एत्सो, योऽऽ.

सेनानं कपाळाला हात लावला. “एत्सो म्हणजे उद्या. त्यांनी विचारलं, उद्या येतेस का? तू म्हणालीस, बरं.”

पुढचं आफीनं सांगितलं, ब्रेड मांडता मांडता, आवाज न चढवता. मंगळवारी आईनं माझ्यासाठी रांधलं. मी गेले नाही. तिला वाटलं, गाडी बिघडली असेल, उद्या येईल. बुधवारी पुन्हा रांधलं. गुरुवारी पहाटे आफी मोटारसायकल घेऊन पोचली, तर आई चुलीपाशी. येत नाही म्हणाली. पाहुणी येते म्हणून सांगून गेलीय, आपल्या भाषेत सांगून गेलीय, ती येईल आणि दाराला कडी दिसेल, मग ती तिच्या देशात जाऊन काय सांगेल? आफी रडली, भांडली. मोटारसायकलवाला तासभर थांबला आणि निघून गेला. संध्याकाळी शिबिर उठलं.

मी तिथेच, ब्रेडच्या टोपलीशेजारी बसले. एका बाईची दृष्टी माझ्या सभ्यपणापायी गेली होती. मला शिबिराचा वार माहीत होता. मी तो लिहूनसुद्धा घेतला होता.

“आमच्याकडे निघताना ‘जाते’ म्हणणं अशुभ समजतात,” मी कसंबसं म्हणाले. “म्हणून ‘येते’ म्हणतो. परत यायचं नसलं तरी.”

“म्हणजे खोटं बोलता?”

“खोटं नाही. शुभ बोलतो.”

आफी थांबली. ती चिडून विचारत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “मग ऐकणाऱ्याला कसं कळतं, कोण येणार आहे आणि कोण नाही?”

आपल्याला ते कळतं. कसं कळतं, कोणी शिकवलं, कोण जाणे.

सेनानं तोवर फोन काढला होता. एकटीच फौज ती! चार ठिकाणी फोन करून तिनं शोधलं की तेच डॉक्टर आता घानातच दुसऱ्या गावी होते, गाडीनं तीन तासांवर, आणि शनिवारी दुपारी तिथूनही निघणार होते.

“चला,” मी म्हणाले.

काइलनं मला बाजूला घेतलं. तो चांगला मुलगा आहे, आणि त्याचं बरोबरच होतं. ज्यांच्या राहणीमानाचा आपण अभ्यास करतो, त्यांचं राहणीमान आपणच बदलायचं नाही, हा आमचा नियम. प्रोजेक्टच्या गाडीतून त्यांना न्यायचं नाही, उपचार करून द्यायचे नाहीत. केलं तर त्यांचं घर अभ्यासातून गाळायचं, आणि का गाळलं ते लिहून द्यायचं. इथे तर दोन घरं गळणार होती, आईचं टोगोतलं आणि लेकीचं घानातलं.

मी गाइडना फोन लावला. स्टेट कॉलेजला नुकतंच उजाडलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “डेटाचं काय करायचं ते तुला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “बाकीच्या गोष्टीला माझी परवानगी कशाला हवी?”

परत दोरी. त्याच अधिकाऱ्यांनी माझा व्हिसा पुन्हा उजेडासमोर धरला. मी पहिल्यांदाच घाई करा म्हणून हात जोडले. ते बावरले आणि दोरी चटकन खाली आली.

आद्जोबाई झाडाखालीच होत्या. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. “वोएझो,” त्या म्हणाल्या. एकच शब्द, पण त्यात राग नव्हता, आणि म्हणून मला जास्त लागलं. मी त्यांच्यापुढे गुडघे टेकून ‘मेडे कुकू, मेडे कुकू’ म्हणत राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी हात पुढे करून माझं तोंड चाचपलं आणि त्यांना कळलं.

“मंगळवारचं कालवण सगळ्यात चांगलं झालं होतं,” त्या म्हणाल्या. “तू मुकलीस.”

मग सेनानं शिबिराचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. “आता नेते म्हणतेस, ते खरंच नेण्यासाठी, की तुमच्या पद्धतीचं?”

“खरंच नेण्यासाठी,” मी म्हणाले. कडी मी स्वतः लावली.

यादी

शनिवारी सकाळी त्या गावच्या शाळेत पोचलो, तेव्हा व्हरांड्यात माणसंच माणसं. दारातल्या बाईंनी सांगितलं, यादी भरली. आफीनं टोपली खाली ठेवली आणि एवेमध्ये जे सुरू केलं ते सेनानंही मला भाषांतर करून सांगितलं नाही. बाई नाहीच म्हणत राहिल्या. आम्ही भिंतीला टेकून बसलो. एकेक नाव पुकारलं जात होतं. दहाच्या सुमाराला एका आजोबांचं ब्लडप्रेशर फार वाढलेलं निघालं आणि त्यांना परत पाठवायचं ठरलं. बाईंनी आमच्याकडे बघितलं आणि बोटानं खूण केली. ते आजोबा काठी टेकत आमच्या समोरून गेले. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

बाईंनी फॉर्म काढला. नाव, वय. “राहणार कुठल्या देशात?”

“घाना,” आफी म्हणाली.

“टोगो,” आद्जोबाई म्हणाल्या. दोघी एकदमच.

बाईंनी पेन तसंच धरून ठेवलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “तुम्ही सांगा, तुम्ही सुशिक्षित दिसता.”

इतके आठवडे मी याच प्रश्नाचं काम करत होते. “दोन्ही लिहा ना,” मी म्हणाले. त्यांनी खांदे उडवले आणि खरंच दोन्ही लिहिलं.

ऑपरेशनला अर्धा तासही लागला नाही. एकाच डोळ्याचं केलं, दुसऱ्याचं पुढच्या वेळी. रात्र सगळ्यांनी वर्गातच काढली. फळ्यावर बेरजेची गणितं तशीच होती. सकाळी पेशंटना व्हरांड्यातल्या बाकांवर ओळीनं बसवलं. नर्स एका टोकापासून पट्ट्या काढत येत होती. कोणी हसत होतं, कोणी देवाचं नाव घेत होतं. आफी फाटकाबाहेर आईसाठी पेज आणायला गेली होती.

आद्जोबाईंची पट्टी निघाली. त्यांनी डोळा मिचकावला, पाणी पुसून घेतलं. पहिल्यांदा स्वतःचे हात बघितले, पालथे आणि उताणे. मग समोर उकिडवी बसलेली मी.

“ही पोरगी कोण?” त्यांनी सेनाला विचारलं.

“मीच,” मी म्हणाले.

आवाज ओळखून त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि हसायला लागल्या. सेनानं सांगितलं, “म्हणतात, आवाजावरून वाटलं होतं चार पोरांची आई असशील. तू तर एवढीशी आहेस. तुझ्या आईनं तुला एवढ्या लांब पाठवलं कसं?”

मी उत्तर देणार होते, पण त्यांचं लक्ष आता माझ्याकडे नव्हतं. आफी दोन हातांत पेजेचं भांडं धरून व्हरांड्याच्या पायऱ्या चढत होती. आद्जोबाईंनी तिला जवळ बोलावलं. ती वाकली, तसं त्यांनी तिच्या डोक्याचं फडकं मागे सारलं. कानावरचे केस पांढरेशुभ्र होते. आद्जोबाईंनी त्यांच्यावरून बोट फिरवलं.

“हे कधी झालं?”

आफीनं भांडं खाली ठेवलं. “तू बघत नव्हतीस ना,” ती म्हणाली, “तेवढ्यात.”

आद्जोबाईंनी बाकावर सरकून जागा केली.

“बस इथे,” त्या म्हणाल्या. “पेज राहू दे. मला बघू दे.”